ताट फिरवू दे

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि प्रणोती शिरतोडेच्या पुढ्यात तोवर तीन तक्रारी येऊन पडल्या होत्या. पहिली, पडदा फार उजळ आहे. दुसरी, पडदा फार मंद आहे. दोन्ही तक्रारदार एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, शेजारीशेजारी बसणारे. तिसरी तक्रार नव्हती, अर्ज होता. 'माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या खिलार खोंडाचा फोटो लावण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' खाली सही, तारीख आणि सोबत खोंडाचा फोटो.

प्रणोतीनं तिघांनाही एकच उत्तर पाठवलं. ते तिनं चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि तेव्हापासून रोज दोनतीन वेळा तरी ते उपयोगी पडत होतं. 'पडद्याची सेटिंग संघाच्या धोरणानुसार बंद ठेवण्यात आली आहे.' धोरण वगैरे काही नव्हतं. प्रणोतीच्या डोक्याला ताप झाला होता म्हणून तिनं एका दुपारी सगळं बंद करून टाकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला धोरण म्हणायला सुरुवात केली होती.

तासगावच्या पुढे, माळावर, द्राक्षकुंज बेदाणा सहकारी संघाची दुमजली इमारत होती. प्रणोती तिथली कॉम्प्युटर विभागप्रमुख. विभागात ती एकटीच होती, त्यामुळे प्रमुख होणं फारसं अवघड गेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर बावीस प्रतवार बसत. प्रतवार म्हणजे बेदाणा बघून त्याची प्रत ठरवणारी माणसं: हिरवा, पिवळा, काळा आणि त्यातही एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पूर्वी ही प्रत सौद्याच्या जागी ठरे. व्यापारी बॉक्स फोडून मूठभर बेदाणा हातात घ्यायचे, बघायचे आणि सरळ जमिनीवर उधळायचे. संध्याकाळी फरशीवर बेदाण्याचा चिखल व्हायचा आणि ज्याच्या बागेतला तो माल, तो बिचारा कडेला उभा राहून बघत बसायचा. आता बेदाणा कोल्ड स्टोरेजमधून हलतच नसे. प्रत्येक स्टोरेजमध्ये एक नमुनापेटी होती. ती बॉक्समधला अर्धा किलो माल पांढऱ्या ताटात पसरून, ठरावीक उजेडात त्याचा फोटो काढी आणि संघाकडे पाठवी. प्रतवारानं पडद्यावर बघून शिक्का मारला की सौदा सुरू.

हे काम मशीनला जमलं नसतं असं नाही. जमतच होतं. पण पहिल्याच हंगामात व्यापारी म्हणाले, मशीन चुकलं तर गचांडी कुणाची धरायची? गचांडी धरायला माणूस हवा, म्हणून ही बावीस माणसं.

आणि माणसं म्हटली की आलंच सगळं. कुणी डोळ्यांना त्रास होतो म्हणून पडदा पिवळसर केला. कुणी अक्षरं एवढी मोठी केली की 'हिरवा'मधलं नुसतं 'हि' दिसे. सकाळी एका टेबलावर हिरवा एक नंबर ठरलेला माल दुपारी दुसऱ्या टेबलावर पिवळा दोन नंबर व्हायला लागला. शेवटी एका बागायतदारानं संघाच्या फाटकात ट्रॅक्टर आडवा लावला आणि किल्ली घेऊन घरी निघून गेला. त्यानंतर संघानं समनेत्र पडदे आणले.

समनेत्रची करामत अशी होती. माणसाच्या डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळं पडतं, जुन्या प्लास्टिकच्या डब्यासारखं. साठीच्या माणसाला निळा रंग कमी दिसतो आणि हिरवा बेदाणा पिवळट वाटतो, पण हे त्याला स्वतःला कधीच कळत नाही, कारण त्याला सगळं जगच तसं दिसत असतं. समनेत्रच्या खालच्या पट्टीत दोन बारीक कॅमेरे होते. ते न दिसणारा उजेड डोळ्यात सोडून, परत किती येतो ते मोजत. शिवाय पडदा कडेकडेला अधूनमधून इतके क्षणिक ठिपके उमटवी की माणसाला त्याची जाणीवही होऊ नये. जाणीव झाली नाही तरी निरोगी डोळा तिकडे हलकासा वळतोच. वळला नाही तर मशीन समजे की या बाजूला नजर पोचत नाही. मग ज्याच्या डोळ्यात जेवढी खोट, तेवढी उलटी खोट पडदा चित्रात घाली. दोन्ही खोटी एकमेकींना खात आणि पंचविशीतल्या डोळ्याला दिसावं तसं चित्र प्रत्येकाला दिसे. बावीस माणसं आणि एकच हिरवा. भांडण मिटलं.

म्हणजे प्रणोतीला तसं चार दिवस वाटलं. मशीन रोज सकाळी प्रत्येकाच्या डोळ्यातल्या खोटीचा आकडा कोपऱ्यात दाखवी. दिलावर मुजावरांचा एकतीस, त्यांच्या शेजारच्याचा बारा. आठवडाभरात आकड्यांवरून टोपणनावं पडली. एका जुन्या प्रतवाराला सगळे 'चव्वेचाळीस' म्हणून हाक मारायला लागले, ते त्याच्या सुनेच्या कानावर गेलं आणि तो राजीनामा घेऊन आला. प्रणोतीनं कपाळावर हात मारला. तो आकडा, त्याचा आलेख, पडद्याची चमक, रंग, अक्षरांचा आकार, चित्र फिरवायची सोय, मागचा फोटो, हे सगळं एकाच पानावर होतं. तिनं ते पानच दिसेनासं केलं. आकड्याच्या जागी फक्त एक हिरवी खूण ठेवली. मशीनला चित्र सुधारून दाखवणं जमतंय तोवर खूण हिरवी. कुणाची चेष्टा नको, कुणाचा राजीनामा नको.

बावीस जणांत पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या मुख्य प्रतवार होत्या कांचन शिरतोडे. म्हणजे प्रणोतीची आई.

कांचननं वीस वर्षं बेदाण्याच्या शेडमध्ये माल निवडला होता. नवरा गेला तेव्हा प्रणोती सातवीत होती. त्यानंतर त्या निवडण्यावरच घर चाललं, प्रणोतीचं शिक्षण झालं. संघाला नजर असलेलं माणूस हवं होतं तेव्हा सगळ्या शेडवाल्यांनी एकच नाव सांगितलं. त्या खुर्चीवर बसणारी ती पहिली बाई. ती खुर्ची तिचा जीव की प्राण होती, आणि तिथं बसल्यापासून तिची एकच मागणी होती.

"मला ताट फिरवू दे."

शेडमध्ये बायका मांडीवर ॲल्युमिनियमचं मोठं ताट घेऊन बसत. एकदा नजर टाकायची, खराब दाणे वेचायचे, मग ताट पाव वळसा फिरवायचं आणि पुन्हा बघायचं. असे चार वळसे. "एका जागंवरनं बगितलं की डोळा आळशी हुतो," कांचन सांगायची. फिरवल्यावर आधी न दिसलेला काळा दाणा अचानक दिसला की बाई म्हणायची, चोर सापडला. एकदोन चोर सगळ्यांनाच सापडत. पण एखादीला प्रत्येक वळशाला चोर सापडायला लागले की शेजारीण मान वर न करता म्हणे, "बाई, डोळं दावून ये." त्यात चेष्टा नव्हती, लाज नव्हती. ती बाई दुसऱ्या दिवशी मिरजेची एसटी धरायची.

पडद्यावरचं ताट मात्र फिरत नव्हतं. फिरवायची सोय त्याच बंद पानावर होती.

"आई, तुला उघडून दिलं की उद्या मुजावर येणार," प्रणोती म्हणायची. "मुजावरांच्या मागून खोंडवाला येणार. मला नाही जमायचं."

"खोंड आणि ताट एकच काय गं?"

"सेटिंगमध्ये एकच."

हा संवाद आठवड्यातून एकदा तरी व्हायचाच.

घरी दुसराच पाढा. गेल्या वर्षभरात आईनं स्वयंपाकघरातला दिवा तीनदा बदलायला लावला. "ह्या घरात उजेडच न्हाई. हापिसात कसं लख्ख दिसतंय." चौथ्यांदा वायरमन आलाच नाही. दाराच्या चौकटीवर तिचा डावा खांदा आपटे आणि ती चौकटीला शिव्या घाली. डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या तर आठवड्यातून दोनदा लवंडे. आणि रोज जेवायला बसलं की मीठ.

"मीठ वाढत जा की गं."

"वाढलंय, आई."

"कुटं?"

"डोळे उघडून बघ की जरा!"

मग आई ताटावर वाकायची, मीठ सापडायचं आणि ती पुटपुटायची, "नीट वाढावं मानसानं." दिवसभर बावीस जणांची कटकट ऐकून आलेल्या प्रणोतीला हे असह्य व्हायचं. एकदा वैतागून ती म्हणाली होती, एकदा डोळे तरी तपासून घे. आईनं तिलाच गप्प केलं. "रोज सकाळी मशीन तपासतंय की. हिरवी खूण येतीया. तूच बसवलंयस न्हवं ते?"

सोमवारी दुपारी दिलावर मुजावर खाली आले. मुजावर पन्नाशीतले, कांचनच्या शेजारच्या खुर्चीवरचे, बोलायला मोकळे. पण त्या दिवशी दार लावून घेऊन बोलले.

"मॅडम, एक सांगू का? कांचनताईंना सेटिंग खुली करून दिलीय का तुम्ही?"

"मी? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्यांचा पडदा बघा की. अख्खं ताट आकसून उजव्या बाजूला आलंय, वहीएवढं. डावीकडं नुसतं पांढरं. आम्हाला चमकसुद्धा कमी करता येईना आणि त्यांनी पडदाच आवळून घेतलाय म्हणतात लोक. मी नाही म्हणत हां."

प्रणोती वर गेली. आई जेवायला गेली होती. पडद्यावर शेवटचा माल तसाच होता, उजव्या कोपऱ्याकडे दाटीवाटीनं बसलेला. प्रणोतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली येऊन तिनं नोंदी बघितल्या. आईच्या नावानं कुठलाही बदल झालेला नव्हता. म्हणजे तो प्रणोतीच्या नावानं झाला असणार. आणि प्रणोती घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर, आईच्या समोर पासवर्ड टाकत असे.

संध्याकाळपर्यंत तीन अर्ज आले. तिन्हींत एकच वाक्य होतं: 'पहिल्या खुर्चीस दिलेली सवलत आम्हांसही मिळावी.' पाठोपाठ व्यवस्थापक बसगोंडा चौगुले यांचं बोलावणं आलं.

"गुरुवारी वाशीचे व्यापारी येणार आहेत, आपलं काम बघायला," चौगुले म्हणाले. "पुढच्या हंगामाचं सगळं त्यांच्यावर आहे. मुख्य प्रतवारच पडद्याशी खेळते असं त्यांना दिसलं तर मला खुर्ची बदलावी लागेल. तुझी आई आहे म्हणून आधी सांगतोय."

घरी गेल्यावर प्रणोतीनं चप्पलही काढली नाही.

"आई, माझा पासवर्ड तू बघितलास का?"

कांचन भाजी निवडत होती. "काय?"

"पडद्याची सेटिंग कुणी बदलली?"

"मी हात लावलेला न्हाई."

"मग काय आपोआप आकसला?"

"आकसलाय कुटं? मला हाय तसंच दिसतंय."

"सगळ्या ऑफिसला दिसतंय आणि तुला दिसत नाही?"

कांचननं हातातली जुडी खाली ठेवली. "वीस वर्सं शेडमध्ये काम केलं. एक दाना घरी आनला न्हाई. आनि तू मला चोर म्हनतीस?"

यानंतर दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. कांचन खरंच सांगत होती. तिला तिचं ताट पडदाभर आणि लख्ख दिसत होतं, जसं पंचविशीतल्या डोळ्याला दिसावं तसं. मशीन आपलं काम इमानानं करत होतं. पण हे समजून घ्यायला थोडं थांबावं लागतं आणि प्रणोतीला थांबायला वेळ नव्हता. तिनं पासवर्ड बदलला. मग बुधवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, आपल्या जागेवरूनच आईच्या पडद्यावरचे सगळे फेरबदल पुसून तो कोऱ्या अवस्थेत आणला आणि त्याला तिथं कुलूप घातलं. मशीननं विचारलं, 'या वापरकर्त्याचा तपशील पाहायचा आहे का?' प्रणोतीनं 'नको' दाबलं. तपशील तिला तोंडपाठ होता असं तिला वाटलं.

गुरुवारी अकराच्या सुमारास वाशीचे वसंतभाई आले. सत्तरीतले, पांढऱ्या सफारीतले, चाळीस वर्षं बेदाण्यात मुरलेले. येताना त्यांनी एक गंमत केली होती. वाटेतल्या स्टोरेजमधून नमुनापेटीतलं खरंखुरं ताट, माल न हलवता, झाकण लावून सोबत आणलं होतं. त्याच ताटाचा फोटो आता कांचनच्या पडद्यावर येणार होता.

सगळे प्रतवार मागे उभे राहिले. प्रणोती चौगुल्यांच्या शेजारी. पडदा आज नीट होता, ताट पडदाभर पसरलेलं, डावीउजवीकडे सारखं. प्रणोतीला बरं वाटलं.

कांचननं डोळे बारीक केले. एकदा पदरानं पुसले. "आज जरा अंधूक हाय," ती म्हणाली. मग बराच वेळ बघून तिनं सांगितलं, "हिरवा. एक नंबर."

पडद्यावर ताटाच्या डाव्या कडेला काळ्या दाण्यांचा आणि काड्यांचा हातभर पट्टा होता. दारात उभ्या असलेल्या शिपायालासुद्धा तो दिसत होता. मुजावर फरशीकडे बघायला लागले.

"कांचनबेन," वसंतभाई हळूच म्हणाले, "पडद्यावर पुन्हा एकदा बघा ने."

"बगितलं. एक नंबरच हाय."

वसंतभाईंनी झाकण काढून ताट तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता गंमत नव्हती. कांचननं ताटाकडे बघितलं. मग तिचा हात आपोआप कडेला गेला आणि तिनं ताट पाव वळसा फिरवलं.

काळे दाणे तिच्यासमोर आले. ती थबकली. तिनं आणखी एक वळसा दिला, मग आणखी एक. चौथ्या वळशाला ते पुन्हा डावीकडे गेले आणि तिची नजर त्यांच्यावरून जशी काही तिथं काहीच नसावं तशी सरकली. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा आले. खोलीत ताट टेबलावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"चोर सापडला," कांचन म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. ती उठली, साडी सारखी केली आणि चालायला लागली. दारातून जाताना तिचा डावा खांदा चौकटीवर आपटला.

प्रणोतीनं तो आवाज ओळखला. हा आवाज ती वर्षभर घरी ऐकत होती.

ती धावत खाली गेली, खुर्चीत न बसताच तिनं आईच्या नावाचं बंद पान उघडलं. आलेख गेल्या चौदा महिन्यांचा होता. सुरुवातीला सपाट, मग घसरत गेलेला. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेलेली, डावीकडची फारच. जसजशी नजर आत सरकत गेली तसतसं मशीननं चित्र आवळत आवळत, जिथं दिसत होतं तिथं नेऊन ठेवलं होतं. पासवर्ड कुणी चोरला नव्हता. सेटिंग कुणीही बदलली नव्हती. आलेखाखाली लाल अक्षरांत एक ओळ होती: 'नेत्रतज्ज्ञांकडून त्वरित तपासणी करून घ्यावी.' आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत: 'हा संदेश २११ दिवस दाखवला. पाहिला: ० वेळा.'

पानच बंद होतं तर बघणार कोण?

आई इमारतीमागे पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसली होती. प्रणोती तिच्या शेजारी जाऊन बसली. काय बोलावं याची जुळवाजुळव तिनं जिन्यात केली होती, ती सगळी पळाली.

"आई, मशीनला माहीत होतं. दोनशे अकरा दिवस ते सांगत होतं. ज्या पानावर सांगत होतं ते पान मी बंद केलं होतं." तिला रडू फुटलं. "आणि मी तुला चोर म्हणाले."

कांचन टाकीतून गळणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

"मशीननं दोनशे अकरा वेळा सांगितलं व्हय?"

"हो."

"आनि मी किती वेळा सांगितलं, ताट फिरवू दे म्हनून? ते कुनी मोजलं?"

प्रणोतीनं तळव्यानं डोळे पुसले.

"फिरवू दिलं असतंस तर मला पयल्या दिवशीच कळलं असतं," कांचन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता कंटाळलेला होता. "चल. डोळं दावून येऊ."

मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घातले, वेळच्या वेळी तपासलं, तर उरलेली राखता येते. "वर्षभर आधी आला असता तर," असं म्हणून डॉक्टर कागदाकडे बघायला लागले आणि वाक्य तिथंच सोडलं.

सोमवारी प्रणोतीनं बावीसच्या बावीस पडद्यांचं पान खुलं केलं. रंगाचं कुलूप तेवढं ठेवलं, नाहीतर ट्रॅक्टर पुन्हा फाटकात आला असता. चौगुले ओरडले. "पुन्हा तोच गोंधळ होणार!"

"होऊ दे," प्रणोती म्हणाली.

आणि झालाच. साडेनऊपर्यंत अकरा तक्रारी आल्या. एकाचा पडदा उलटा झाला होता आणि तो मान वाकडी करून बसला होता. खिलार खोंड पडदाभर पसरून सगळ्यांकडे रागानं बघत होता. प्रणोती टेबलाटेबलावर गेली, प्रत्येकाला स्वतःचा आकडा आणि खालची ओळ मोठ्यानं वाचायला लावली. कुणी हसलं की ती त्याच्याकडे अशी बघे की हसू तिथंच आटे. चौघांच्या पानावर लाल ओळ निघाली. त्यातले एक मुजावर होते. ते आठवड्यानं मिरजेहून परत आले आणि काही न बोलता प्रणोतीच्या टेबलावर पेढे ठेवून गेले. त्यांचं वेळेत सापडलं होतं.

त्या पेढ्यांतला एकही प्रणोतीला गिळवला नाही.

पहिली खुर्ची मुजावरांकडे गेली. कांचननं वाद घातला नाही. तिनं एवढंच मागितलं की आपल्या पडद्याची सगळी मदत काढून टाकावी. "मला खोटं लख्ख नको. माजं हाय तेवढंच दाव. आनि ताट फिरवायला दे." आता ती दुसऱ्या खुर्चीवर बसते. प्रत्येक माल चारदा फिरवून बघते. इतरांचे पाच होतात तेव्हा तिचे दोन होतात. चौगुले घड्याळ बघतात, पण अजून तिचा एकही शिक्का परत आलेला नाही. मुजावरांना शंका आली की ते आपला पडदा तिच्याकडे वळवतात.

मदत काढली त्या दिवशी संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. प्रणोतीनं नेहमीच्या हातानं ताट वाढलं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाकरी. वाढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. वर्षभर ती आईला मीठ वाढत होती ते नेमकं त्या जागी, जिथं आईचं जग संपत होतं. आणि वर तिनं काय म्हटलं होतं, तेही आठवलं. तिनं घाईघाईनं मीठ उजवीकडे घ्यायला हात पुढे केला.

कांचननं तो हात बाजूला सारला. ताटाच्या कडेला दोन बोटं लावून तिनं ते पाव वळसा फिरवलं. मीठ, लिंबू, चटणी सावकाश तिच्यासमोर आलं.

"हाय की गं," ती म्हणाली. "रोज वाढत हुतीस तू."